निजवणीचे दगड

उंबरजाईचा डोंगर चढताना शेवटचा कडा डोक्यावर आला, की डाव्या हाताला एक मोठा उतार लागतो. गवताळ, मोकळा आणि घराच्या छपरासारखा तिरका. या उताराला निजवण म्हणतात. त्याच्यावर खालपासून वरपर्यंत दगडांच्या बुटक्या ओळी आहेत, वीतभर उंचीच्या. एक दगड काळा, त्याच्या शेजारचा तांबडा, मग एखादा नदीतला गुळगुळीत गोटा. तांबडा दगड किंवा गोटा या डोंगरावर शोधूनही सापडायचा नाही. चैत्री पौर्णिमेला शेकडो माणसं इथे रात्र काढतात आणि प्रत्येकाच्या टाचा एकेका दगडाला टेकलेल्या असतात.

पहिल्यांदा आलेला माणूस विचारतोच, "एवढं वर येऊन उतारावर कशाला झोपायचं? देवळात जागा नाही का?" मग वाट दाखवायला आलेले सोमातात्या काठी आडवी ठेवून खाली बसतात. ही गोष्ट उभ्या उभ्या सांगण्याएवढी लहान नाही.

फार पूर्वी, असं सांगतात, निजवणीत एकही दगड नव्हता. माणसं झोपायला मात्र इथेच येत, कारण दुसरी जागाच नव्हती. कड्यावर देवीची गुहा, पण सूर्य मावळला की ती देवीची एकटीची. तिथे रात्री कुणी थांबत नसे. खाली कारवीचं दाट रान आणि रानात बिबटे. मधे हा एवढा उतार, वाऱ्यापासून आडोशाला, वरच्या टोकाला बारमाही झरा असलेला.

नवस फेडायचा नियम कडक होता. पौर्णिमेला डोंगर चढायला लागायचं, रात्र डोंगरावर काढायची आणि उगवत्या सूर्याबरोबर दर्शन घ्यायचं. मधल्या वेळात चढलेल्या वाटेवरून एक पाऊलही मागे यायचं नाही. आलात, तर नवस तसाच राहिला, पुढच्या चैत्रात पुन्हा या. शिवाय देवीच्या डोंगरावरचा एकही दगड जागचा हलवायचा नाही.

आता देवी वर, म्हणजे डोकं वर आणि पाय खाली करूनच झोपायला हवं. देवीकडे पाय करायची कुणाची छाती होणार? पण चैत्रातलं वाळलेलं गवत तेल लावल्यासारखं निसरडं. डोळा लागला, की माणूस घोंगडीसकट हळूहळू खाली घसरू लागे. कुणी आडवं झोपून पाहिलं. ते घसरले नाहीत, गडगडत गेले. सकाळी अर्धी यात्रा कारवीच्या कडेला एकमेकांवर रचलेली सापडायची, "अहो, पाय काढा माझ्या पोटातून," म्हणत.

लबाडीला वावच नव्हता. देवीचा सेवेकरी चिंधू भगत संध्याकाळी प्रत्येकाच्या टाचेखाली राखेची रेघ ओढी. पहाटे तो सगळ्यांच्या आधी उठून, खरं म्हणजे तो झोपतच नसे, रेघा तपाशी. टाच रेघेच्या खाली दिसली, की बोट पायथ्याकडे. "चला, उतरा. देवीला काही घाई नाही." वीस वर्षं भगताने हे काम केलं होतं आणि वीस वर्षांत तो स्वतः कधी बोटभरही घसरला नव्हता. हे तो सांगायलाही विसरत नसे.

पायथ्याच्या वेळशेत गावात कोंडाबाई नावाची बाई राहायची. तिची लेक मंजुळा लहानपणी तापाने फणफणली, तेव्हा कोंडाबाईने नवस बोलला होता: पोर वाचू दे, तिच्या अंगाला हळद लागायच्या आधी मी डोंगरावर रात्र काढून तुझं दर्शन घेईन. पोर वाचली आणि हां हां म्हणता लग्नाची झाली. सोयरीक चांगल्या घरी जमली, मुलगा मंजुळेलाही आवडला. पण नवस फिटल्याशिवाय हळद कशी लावायची?

पहिल्या वर्षी कोंडाबाई दमून झोपली आणि तीन हात घसरली. दुसऱ्या वर्षी तिने गवताचे झुपके दोन्ही मुठींत धरून रात्र जागून काढली. पहाटवाऱ्यात एक डुलकी लागली, तेवढ्यात झुपके मुळासकट हातात आले. भगताने रेघ पाहिली. "वीतभर," तो म्हणाला.

"वीतभरच की, भगतबाबा," कोंडाबाई काकुळतीने म्हणाली.

"वीत काय नि कोस काय. उतरा."

दोनदा लग्न लांबलं. तिसऱ्या वर्षी मुलाकडून निरोप आला, की अक्षय तृतीयेला लग्न लागलं तर ठीक, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. मंजुळेचा हात भाकरी थापताना मधेच थांबू लागला. कोंडाबाईला ते पाहवेना.

कोंडाबाईचं आयुष्य उतारावरच्या भातखाचरांत गेलं होतं. दर पावसाळ्याआधी ढासळलेले बांध रचायचं काम तिचं. तिने रचलेला बांध कधी फुगला नाही की फुटला नाही, असं गावात म्हणत. त्या वर्षीही ती बांधाचा एक कोपरा नीट करत होती. दगड बसवता बसवता तिचं लक्ष बांधामागच्या मातीकडे गेलं. एवढा मोठा उतार, वरून एवढा पाऊस कोसळतो, तरी माती जागची हलत नाही. का? तर तिच्या पायाशी दगड आहे.

कोंडाबाई तिथेच हसायला लागली. मातीची सोय तिने जन्मभर केली होती, स्वतःची करायचं कधी सुचलंच नव्हतं.

पण डोंगरावरचा दगड हलवायची तर बंदी. मग तिने आपल्याच बांधातले तीन चांगले दगड निवडले, चपटे, एका अंगाला निमुळते. पौर्णिमेच्या पहाटे ते पाटीत घालून डोक्यावर घेतले. नवरा देवजी दारात उभा राहून बघत राहिला.

"अगं, लोक देवीला नारळ नेतात. तू बांध घेऊन निघालीस?"

"नारळ पण हाय पाटीत," ती म्हणाली. "तुम्ही हळद दळून ठेवा."

दिवसभर ती चढत होती. दर टप्प्यावर पाटी उतरवायची, मान चोळायची, पुन्हा डोक्यावर घ्यायची. बरोबरचे यात्रेकरू वळूनवळून पाहत. कुणी विचारलं, "मावशी, वर घर बांधताय का?" कोंडाबाई म्हणाली, "एका रात्रीपुरतं." एक म्हातारा तर म्हणाला, की नवस फेडायला निघालेली माणसं खूप पाहिली, पण घर घेऊन निघालेली हीच. कोंडाबाई सगळ्यांबरोबर हसत होती. पण मान भरून आली आणि गुडघे बोलायला लागले, तेव्हा तिच्याही मनात आलं, दगड तरी धरतील ना? खाचरातली माती कूस बदलत नाही, माणूस बदलतो.

निजवणीत पोचल्यावर तिने खुरपं काढलं आणि उकरायला सुरुवात केली. चिंधू भगत राखेचं मडकं घेऊन तरातरा आला.

"हे काय चाललंय? देवीचा दगड हलवायचा नाही, ठाऊक नाही?"

"हा दगड माझ्या बांधाचा, बाबा. ही बघा, अजून शेतातली माती लागलीय त्याला."

"आणि हे उकरणं?"

"माती उकरायची नाही असा नियम असेल, तर सांगा. मी थांबते."

भगताने दाढी खाजवली. तसा नियम नव्हता. कोंडाबाईने तिन्ही दगड बांधाच्या रीतीने बसवले, दोन हिस्से जमिनीत, एक हिस्सा वर, आणि तोंड डोंगराकडे कललेलं. मग ती आडवी झाली, टाचा दगडांना लावल्या. भगताने रेघ ओढली, पण त्याचं मन काही भरेना. यात काहीतरी खोट असणार. दरवर्षी तो झऱ्याजवळच्या खडकाला पाठ लावून बसे. त्या रात्री मात्र त्याने आपली जागा सोडली आणि कोंडाबाईच्या डोक्याच्या वर, दोन हातांवर उघड्या गवतात येऊन बसला.

"बाई, आज मी तुझ्यावरच डोळा ठेवून आहे," तो म्हणाला.

"ठेवा की. सोबत होईल," असं म्हणून कोंडाबाईने डोक्यावरून घोंगडी घेतली. दिवसभराच्या ओझ्याने तिला लगेच झोप लागली.

पहाटे तिला जाग आली, ती डोक्याला काहीतरी टोचलं म्हणून. तिने हाताने चाचपून पाहिलं. अंगठा होता! भगताचा. वीस वर्षं न झोपलेला माणूस पहाटवाऱ्यात असा गाढ झोपला होता, की त्याच्या घोरण्याने गवत हलत होतं. आणि तो इंचाइंचाने खाली येत होता. एक पाय तिच्या डोक्याला, दुसरा खांद्याला. भगताची अंगकाठी काही लहान नव्हती.

कोंडाबाईला काय करावं कळेना. बाजूला सरकावं, तर टाच रेघेवरून जाईल, हळद राहील. ओरडून उठवावं, तर हा दचकून लाथ झाडेल आणि दोघंही कारवीत. सरकलं नाही, तर दोघांचं ओझं तीन दगडांवर. तिने श्वास रोखून टाचांनीच दगडांचा कानोसा घेतला. डावीकडचा दगड किंचित हलल्यासारखा वाटला. मग तो जमिनीत आणखी रुतला आणि थांबला. बांधाचा दगड असाच बसतो, ओझं आलं की पक्का होतो.

"आई उंबरजाई," ती पुटपुटली, "दगड धरलेस, आता याला कूस बदलू देऊ नको."

म्हणे देवीलाही तेव्हा हसू आलं, आणि म्हणूनच त्या दिवशी पूर्वेचं आभाळ रोजच्यापेक्षा लवकर उजळलं.

त्या रात्री बाकीची सगळीच यात्रा घसरली होती. उजाडलं तेव्हा ती कारवीतून वर पाहू लागली. पाहते तो काय, उताराच्या मधोमध कोंडाबाई ताठ पडलेली आणि तिच्या डोक्यावर पाय देऊन चिंधू भगत घोरतोय. आधी कुणाचा विश्वासच बसेना. मग एक हसला, दुसरा हसला आणि सगळी निजवण खदखदायला लागली. त्या आवाजाने भगत जागा झाला. त्याने पाय पाहिले, पायांखाली कोण आहे ते पाहिलं, आणि वर आपली रात्रीची जागा पाहिली. दोन हात.

"वीतभर नाही ना, बाबा?" खालून कुणीतरी ओरडलं.

भगत उठला, कोंडाबाईच्या पायाशी जाऊन वाकला आणि रेघ पाहिली. राखेचा कणही विसकटलेला नव्हता. त्याने तिला दोन्ही हात जोडले. "बाय माझे, तुझ्या डोक्याला पाय लागला. माफी कर."

"पायाचं काही नाही, बाबा. पण नखं तेवढी काढत जा."

यावर भगतही हसला, वीस वर्षांत पहिल्यांदा. मग त्याने कमरेची गुहेची किल्ली सोडली आणि तिच्या हातात दिली. "आज डोंगरावर न घसरलेली तू एकटीच आहेस. दार तू उघड, दिवा तू लाव. मी उतरतो. नियम माझाच आहे, मलाच कसा सोडू?"

कोंडाबाई कडा चढून गेली. उगवत्या सूर्याचं पहिलं ऊन गुहेत शिरलं, तेव्हा तिने देवीला नारळ वाहिला आणि लेकीची हळद मागितली. दुपार कलल्यावर खाली येताना तिला निम्म्या वाटेवर चिंधू भगत भेटला. तो पायथ्यापर्यंत उतरून पुन्हा चढत होता, घामाने निथळत, आणि त्याच्या डोक्यावर नदीतला एक भलामोठा गोटा होता.

"हा कुणासाठी, बाबा?" तिने विचारलं.

"पुढच्या चैत्रात जो कोणी माझ्याखाली झोपेल, त्याच्यासाठी."

अक्षय तृतीयेला मंजुळेचं लग्न लागलं. हळद देवजीने इतकी दळली होती, की वऱ्हाडातली सगळी माणसं पिवळी होऊन घरी गेली. पुढच्या वर्षी यात्रेला येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गावचा एक दगड आणला. आपण झोपायचं ते आधी कुणीतरी बसवलेल्या दगडावर टाच टेकून, आणि आपण आणलेला दगड बसवायचा तो नंतर येणाऱ्यासाठी, अशी रीत तेव्हापासून पडली.

आजही निजवणीत झोपायला येणारा माणूस रिकाम्या हाती येत नाही. शहरातली मंडळी गुळगुळीत कापडाच्या पिशव्या घेऊन येतात आणि त्यांत शिरून झोपतात. सोमातात्या म्हणतात, गवतापेक्षा त्या जास्त घसरतात, यांना दगड दोन लागतात. पुष्कळ जण विचारतात, की कोंडाबाईचे ते तीन दगड नेमके कुठले. ते आता कुणालाच ठाऊक नाही. पण सकाळी उठल्यावर, रात्रभर जागचा न हललेला प्रत्येक माणूस अगदी खात्रीने सांगतो, की ते माझ्याच पायाशी होते.