तळ्याकाठच्या खोल्या

नाही म्हणण्यासाठी दिलेलं कारण शेवटी हो म्हणण्याचं कारण ठरलं, असं कधी ऐकलंय का तुम्ही?

सोनवड संस्थानात घरभाडी इतकी चढली, की थोडक्या कमाईवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना खोली परवडेना. भिवराबाईला तर घरमालकाने जागा सोडायलाच सांगितली. तेव्हा ती आपल्यासारख्या आणखी म्हाताऱ्यांना घेऊन थेट दरबारात गेली.

"महाराज, सरदारांचे वाडे खजिन्यातून बांधले जातात. आम्हाला फुकट काही नको. तळ्याकाठी खोल्या बांधा, पेलेल ते भाडं आम्ही देऊ."

दिवाण त्र्यंबकपंत मोठ्याने हसले. "अगं म्हातारे, तुम्ही अजून जगणार किती? तुमच्यासाठी बांधायचं म्हणजे पैसा पाण्यात!"

दरबार चपापला. भिवराबाई मात्र खुदकन हसली.

"अहो पंत, तोच तर फायदा! सरदाराला दिलेला वाडा त्याला पतवंडं झाली तरी परत येत नाही. आमची खोली थोड्या वर्षांत रिकामी होईल, की पुढचा म्हातारा दारात हजर. एकदा बांधा, पिढ्यान्‌पिढ्या वापरा. आणि तुमच्याही मिशा पिकायला लागल्यात. दिवाणगिरी सुटली की या, शेजारची खोली तुमच्यासाठी धरून ठेवते."

पंतांचा हात आपसूक मिशांवर गेला. महाराज पोट धरून हसले.

"पंत, खजिना उघडा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याकाठी खोल्यांची आखणी सुरू झाली, आणि पंत स्वतः उभे राहून गवंड्याला सांगत होते, "उंबरे जरा ठेंगणे ठेव."