टिपरीच्या दाताची टोपी

ऐका हं, कान इकडे करा.

एक खार होती. तिचं नाव टिपरी. टिपरी एवढीशी. शेपटी मात्र केवढी मोठी!

टिपरीला पुढे चार दात. दोन वर, दोन खाली. पेरू खायची, कुरुम कुरुम. चिंचोका खायची, कुटुम कुटुम.

एके दिवशी सकाळी तिला सापडली सुपारी. गोल गोल. टणक टणक.

टिपरी म्हणाली, "खाऊन तर बघू!"

आणि चावली.

कट्ट!

सुपारी फुटली? छे! दात तुटला. अर्धा राहिला तोंडात, अर्धा पडला गवतात.

टिपरीने पेरू घेतला. "आई गं!" पेरू टाकला. टिपरीने चिंचोका घेतला. "आई आई गं!" चिंचोकाही टाकला.

पोट म्हणालं, गुर्रर्र. डोळ्यांतून पाणी आलं, टप टप.

मग टिपरीने डोळे पुसले शेपटीने. आणि निघाली दातांच्या डॉक्टरताईकडे.

सुर्र टुण, सुर्र टुण.

डॉक्टरताईकडे होती एक खुर्ची. मागे झुकणारी. आणि एक दिवा. वाकणारा.

टिपरी म्हणाली,

"डॉक्टरताई, डॉक्टरताई, औषध, गोळी, काहीही दे.
दात माझा तुटला, कट्ट!"

डॉक्टरताई म्हणाली, "आ कर बघू."

टिपरीने आ केला. डॉक्टरताईने इवलासा आरसा घातला. इकडून पाहिलं. तिकडून पाहिलं.

"दात किडला असता, तर भोक बुजवलं असतं. दात पडला असता, तर नवा बसवला असता. तुझा तर अर्धा दात आहे. मूळ पक्कं आहे. अर्ध्या दाताला काय घालायचं, सांगू? टोपी!"

"टोपी? डोक्यावरची?"

"दातावरची. दाताएवढीच. पण आधी दाताचं माप घ्यायला हवं. मऊ मेणात दात रोवायचा, ठसा उठवायचा. आणि माझं मेण संपलं गं! मेण नाही, तर माप नाही. माप नाही, तर टोपी नाही. मेण आण, जा."

टिपरी निघाली. सुर्र टुण, सुर्र टुण.

मध काढणारा लखूकाका आंब्याखाली बसला होता. टिपरी म्हणाली,

"लखूकाका, लखूकाका, मेण दे.
मेण डॉक्टरताईला,
डॉक्टरताई टोपी देईल दाताला,
दात माझा तुटला, कट्ट!"

लखूकाकाने वर बोट दाखवलं. "ते बघ जुनं पोळं. माश्या गेल्या उडून, मेण राहिलंय. तूच चढ की!"

"चढेन रे काका. पण कुरतडू कशाने?"

"खरंच की! मग मलाच चढायला हवं. पण शिडीची पायरी मोडलीय. शिडी पडलीय गोपीमामाकडे. शिडी नाही, तर मेण नाही. शिडी आण, जा."

टिपरी निघाली. सुर्र टुण, सुर्र टुण.

गोपीमामा सुतार. त्याच्या अंगणात लाकडाचा भुसाच भुसा. टिपरी शिंकली, आंक्छी! आणि म्हणाली,

"गोपीमामा, गोपीमामा, शिडी दे.
शिडी लखूकाकाला,
लखूकाका मेण देईल डॉक्टरताईला,
डॉक्टरताई टोपी देईल दाताला,
दात माझा तुटला, कट्ट!"

गोपीमामा म्हणाला, "देतो की. पायरी कापली की झालं. पण माझी करवत बघ."

टिपरीने करवत पाहिली. करवतीला दातच दात. पण सगळे बोथट! काही तर गायब!

"हिचेपण दात गेले?" टिपरी म्हणाली.

"गेले गं बाई. ती काय कापणार? करवत नाही, तर शिडी नाही. दुसरी पडलीय हौसामावशीकडे, दात करायला. ती आण, जा."

टिपरी निघाली. सुर्र टुण, सुर्र टुण.

हौसामावशी लोहारकाम करायची. हात दणकट. घण हा एवढा. पण आज ठण्ण नाही, ठाण्ण नाही. सगळं गप्प.

टिपरी म्हणाली,

"हौसामावशी, हौसामावशी, करवत दे.
करवत गोपीमामाला,
गोपीमामा शिडी देईल लखूकाकाला,
लखूकाका मेण देईल डॉक्टरताईला,
डॉक्टरताई टोपी देईल दाताला,
दात माझा तुटला, कट्ट!"

हौसामावशी म्हणाली, "अगं, करवतीला दात करते की मी. नवे, टोकदार. पण भट्टी थंड पडलीय. काडेपेटी भिजलीय. विस्तव नाही, तर करवत नाही. भागूआजाकडून विस्तव आण, जा."

टिपरी दमली होती. पोट म्हणालं, गुर्रर्र, गुर्रर्र. तरी निघाली.

सुर्र... टुण. सुर्र... टुण.

भागूआजा शेंगा भाजायचा. त्याची चूल कोपऱ्यावर. कढई वर, चूल खाली, आजा बाजूला. टिपरी म्हणाली,

"भागूआजा, भागूआजा, विस्तव दे.
विस्तव हौसामावशीला,
हौसामावशी करवत देईल गोपीमामाला,
गोपीमामा शिडी देईल लखूकाकाला,
लखूकाका मेण देईल डॉक्टरताईला,
डॉक्टरताई टोपी देईल दाताला,
दात माझा तुटला, कट्ट!"

भागूआजा म्हणाला, "निखारे आहेत. राखेखाली झोपलेत. फुंकर मारली की जागे होतील."

"मग मार ना फुंकर!"

भागूआजाने गाल फुगवले. फुस्स्स! हवा गेली इकडे. हवा गेली तिकडे. निखारे झोपलेलेच.

टिपरी म्हणाली, "थांब, मी मारते." फू! एवढीशी फुंकर. राख उडाली. नाकात गेली. आंक्छी!

भागूआजा म्हणाला, "माझे सगळे दात पडले ना? म्हणून डॉक्टरताईने मला कवळी दिली. कवळी म्हणजे बसवायचे दात. काढायचे, धुवायचे, परत घालायचे. आज धुतली आणि खिडकीत ठेवली. तर कावळ्याने पळवली! कवळी नाही, तर फुंकर नाही. फुंकर नाही, तर विस्तव नाही. कवळी आण, जा."

टिपरीने वर पाहिलं.

शेवग्याच्या झाडावर कावळा बसला होता. त्याच्या चोचीवर काय होतं? कवळी! कावळा हसत होता, बत्तीस दात दाखवून.

टिपरी झाडावर चढली. सुर्र... सुर्र... सुर्र... टुण.

"कावळेदादा, कावळेदादा, कवळी दे.
कवळी भागूआजाला,
भागूआजा विस्तव देईल हौसामावशीला,
हौसामावशी करवत देईल गोपीमामाला,
गोपीमामा शिडी देईल लखूकाकाला,
लखूकाका मेण देईल डॉक्टरताईला,
डॉक्टरताई टोपी देईल दाताला,
दात माझा तुटला, कट्ट!"

कावळा म्हणाला, "फाव, फाव! नाही देणार. चिमणीला दात नाहीत. पोपटाला दात नाहीत. मला एकट्यालाच आहेत. फाव!"

टिपरी म्हणाली, "फाव काय म्हणतोस? काव म्हण ना."

कावळा म्हणाला, "फाव." मग म्हणाला, "फाव?" मग मान खाली घालून म्हणाला, "फाव..."

टिपरी जवळ सरकली. "दादा, सकाळपासून काय खाल्लंस?"

"काही नाही. चोच उघडतच नाही."

"मग काढून टाक ना ती कवळी!"

कावळ्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुणी ऐकत नव्हतं. मग हळूच म्हणाला, "निघत नाहीये गं. अडकलीय."

बिचारा कावळा! त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं, टप टप.

टिपरी म्हणाली, "रडू नकोस. मी ओढते. तू फांदी घट्ट धर."

टिपरीने कवळी धरली दोन्ही हातांनी. शेपटी गुंडाळली फांदीला. आणि ओढली.

ओढ, ओढ, ओढ! निघेना.

ओढ, ओढ, ओढ! हलली.

ओढ, ओढ, ओढ!

पॉक्क!

"काव!" कावळा ओरडला. "काव काव काव! आली माझी काव!"

त्याने चोच उघडली. चोच मिटली. उघडली, मिटली. केवढं बरं वाटलं!

कावळा म्हणाला, "खिडकीतून मीच नेली. परतही मीच देतो." त्याने कवळी पायात धरली आणि उडाला. फड फड फड.

कावळ्याने कवळी दिली भागूआजाला.

आजाने कवळी धुतली, खळखळ खळखळ. तोंडात बसवली, टप्प! गाल फुगवले. फूऽऽऽ! निखारे जागे झाले. लाल लाल झाले.

भागूआजाने विस्तव दिला हौसामावशीला.

भट्टी पेटली. ठण्ण ठाण्ण, ठण्ण ठाण्ण! करवतीला नवे दात आले. टोकदार, एका रांगेत.

हौसामावशीने करवत दिली गोपीमामाला.

खर्र खर्र, खर्र खर्र! लाकूड कापलं. ठक ठक ठक! पायरी बसली.

गोपीमामाने शिडी दिली लखूकाकाला.

लखूकाका चढला, एक पायरी, दोन पायऱ्या, तीन पायऱ्या. पोळं काढलं. मेण वितळवलं, गाळलं, गोळा केला.

लखूकाकाने मेण दिलं डॉक्टरताईला.

आणि टिपरी बसली खुर्चीवर.

खुर्ची मागे झुकली. दिवा पुढे वाकला. टिपरीचं छोटंसं काळीज, धक धक, धक धक.

"ताई, दुखेल का गं?"

डॉक्टरताई म्हणाली, "थोडं गार लागेल. थोडी घरघर होईल. मध्येच नको वाटलं ना, तर शेपटी वर कर. मी लगेच थांबेन."

"लगेच?"

"लगेच."

डॉक्टरताईने टिपरीला मऊ मेण दिलं. टिपरीने त्यात दात रोवला. ठसा उठला. माप मिळालं. टोपी घडवली.

मग घर्रर्र सुरू झालं. दात घासला. गार लागलं.

टिपरीने शेपटी वर केली.

डॉक्टरताई थांबली. लगेच!

टिपरीने श्वास घेतला. एक. दोन. तीन. मग शेपटी खाली केली. "हं, आता कर."

घर्रर्र. फुस्. टक!

टोपी बसली.

दाराशी कोण कोण जमलं होतं? भागूआजा, हौसामावशी, गोपीमामा, लखूकाका. आणि खिडकीत कावळा. सगळ्यांच्या माना पुढे.

डॉक्टरताई म्हणाली, "आता बघ गं."

टिपरीने आरशात पाहिलं. एक दात, दोन दात, तीन दात. आणि चौथा, टोपीवाला! तिने जीभ फिरवली. कुठे टोचलं नाही. वारा आत ओढला. कुठे ठणकलं नाही.

"दुखत नाही!" टिपरी म्हणाली. "काही काही दुखत नाही!"

"हुश्श!" भागूआजा म्हणाला.
"हुश्श!" हौसामावशी म्हणाली.
"हुश्श!" गोपीमामा म्हणाला.
"हुश्श!" लखूकाका म्हणाला.
"काव!" कावळा म्हणाला.

डॉक्टरताई म्हणाली, "आज मऊच खायचं हं. कडक उद्या."

लखूकाकाने केळं सोललं. पिवळं, पिकलेलं, गोड. टिपरीने ते दोन्ही हातांत धरलं. मिटक्या मारत खाल्लं. पोट आता गुर्रर्र म्हणालं नाही. पोट गप्प बसलं.

इतक्यात दुसऱ्या पेशंट आल्या. ताराबाई नावाच्या. गाल सुजलेला, त्यावर रुमाल धरलेला.

"डॉक्टर, माझा नंबर ना?"

डॉक्टरताईने ओठांवर बोट ठेवलं. "श्श्श!"

खुर्चीत टिपरी झोपली होती. नाकावर शेपटी, ओठावर केळं. गुर्र नाही, टुण नाही. नुसतं सूं सूं, सूं सूं.

ताराबाईंनी वाकून पाहिलं. आपला रुमाल काढला आणि अलगद तिच्या अंगावर घातला.

"झोपू दे बापडीला," त्या हळूच म्हणाल्या. "मी बसते स्टुलावर."

गोष्ट आमची सरली,
चूळ तुमची उरली!