उंबऱ्यावरची दुसरी वाटी

"माझी पोरगी बुडली तवा केवढी हुती, बाई?"

ठकूआईनं हे विचारलं आणि कारखानीस बाईंचं पेन वहीवर टेकलं ते तिथंच राहिलं. प्रश्न विचारायला त्या आल्या होत्या, उत्तरं द्यायला नव्हे.

"ते तुम्ही मला सांगायचं, आजी."

"मला कुठनं ठाऊक असणार? लिवलं तुम्ही."

बाई हसल्या. पण ते हसू अर्ध्यावरच थांबलं...

मी चुलीच्या पलीकडं बसले होते. शिवन्या मांडीवर. सात महिन्यांची आहे. त्या दिवशी तिचं नाक जरा वाहत होतं, एवढंच.

आमची वाडी घाटातल्या खिंडीच्या खाली. वर खिंडीत मठ आहे, तिथं ठकूआई राहते. घाट चढून आलेल्या माणसाला ती हुलग्याचं माडगं देते, वाटीभर, गरम. नऊ वर्षांची असताना तिला कुणी मठात आणून सोडलं, तेव्हापासून ती तिथंच. लग्न नाही, मूल नाही. मी रोज चुलीला हात लावायला जाते आणि ती मला शिकवते. रांधताना चव बघायची नाही. पहिली पळी वाटीत घालून उंबऱ्यावर ठेवायची, अजून पोचायचा आहे त्याच्यासाठी. का, ते विचारलं की ती पळी पातेल्यावर आपटते.

उंबऱ्यावरची ती वाटी संध्याकाळी रिकामी असते. कुत्रं म्हणावं तर मठात कुत्रं नाही.

कारखानीस बाई मासिकांत लिहितात. नोकरी नाही, हापिस नाही. या मासिकाला एक लेख, त्या दिवाळी अंकाला एक, असं बावीस वर्षं. गावोगाव फिरायचं, बायकांच्या चुलीपाशी बसायचं, त्या काय रांधतात आणि कशा जगतात ते लिहायचं. आता त्या सगळ्याचं पुस्तक निघत होतं. वरच्या पानावर ठकूआईचा फोटो हवा होता, कारण सगळ्यात गाजलेला लेख ठकूआईवरचा. अकरा वर्षांपूर्वीचा.

तो लेख लिहिताना त्या इथं आल्याच नव्हत्या.

हे त्यांनी आपणहून सांगितलं, आल्या आल्या, अगदी मोकळेपणानं, जशी जुनी गंमत सांगावी. अंक छपाईला जायला दोन दिवस राहिले होते आणि त्यांच्या अंगात ताप होता. एसटीच्या एका कंडक्टरकडून कधीतरी कानावर आलं होतं की खिंडीत ठकू नावाची बाई माडगं देते. तेवढ्यावर त्या लिहायला बसल्या. बाई फारच एकटी वाटायला लागली म्हणून तिला एक मुलगी दिली. दोन वेण्या, लाल रिबिनी, एकाच पायात पैंजण. मग ती मुलगी नदीत बुडाली असं लिहिलं, कारण नुसत्या माडग्यावर लेख संपेना.

"ढीगभर पत्रं आली, आजी. लोक रडले."

"खिंडीत नदी न्हाई," ठकूआई म्हणाली.

"हो, ते आज आल्यावर कळलं मला."

"आता हाय."

बाईंना हा विनोद वाटला. मला नाही वाटला. मठाच्या मागं नुसता कातळ आहे, आणि दुपारी तिकडून पाण्याचा आवाज येतो. मी ऐकलाय. मी घरी कुणाला सांगितलं नाही, नाहीतर सासूबाई मला वर जाऊ देणार नाहीत.

ठकूआईनं बाईंना माडगं दिलं. बाईंनी वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले, एक घोट घेतला, वहीत काहीतरी टिपलं. मग म्हणाल्या, चव छान आहे, पण चिमूटभर मीठ पाहिजे. कुठल्या कुठल्या गावचं माडगं कसं लागतं, कोण गूळ आधी घालतं, कोण नंतर, सगळं त्यांना पाठ होतं. साडेचारशे बायकांच्या हातचं खाल्लंय आजवर, असं म्हणाल्या.

"साडेचारशे," ठकूआई म्हणाली. "आन् भांडी किती जणींची घासली?"

मला हसू आलं. बाईही हसल्या, जरा लाल झाल्या.

"मीठ घातलंय मी," ठकूआई पुढं म्हणाली. "मूठभर घातलंय. तुमच्या लेखात कृती दिली हुती, त्यात मीठ लिवायचं ऱ्हायलं. तवापास्नं किती बी घातलं तरी लागत न्हाई."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घातली. खरं आहे ते. मी माझ्या हातानं मीठ घालते. लागत नाही.

तो अंक कंडक्टरनंच मठात आणून दिला होता. ठकूआईला अक्षर येत नाही, शाळेच्या गुरुजींनी तिला वाचून दाखवला. ऐकताना ती हुलगे भाजत होती. पोरगी बुडाली ती ओळ आली आणि तिच्या हातातलं उलथनं खाली पडलं. हे गुरुजींनी वाडीत सांगितलेलं आहे. म्हातारी रडायला लागली म्हणे, आणि म्हणाली, मी विसरलेच कशी...

"म्हणजे तुम्हाला मुलगी होती?" बाईंनी विचारलं. आवाज जपून काढला होता, आजारी माणसाशी बोलावं तसा.

"न्हवती."

"मग..."

"न्हवती. गुरुजीनं वाचल्यावर झाली. तिच्या वेण्या घातलेल्या मला आठवतात. रिबिनीची गाठ आठवती. पैंजण घालताना तिनं पाय मागं ओढला, त्ये आठवतंय. पण तोंड न्हाई आठवत, बाई. तोंडाचं तुम्ही काय लिवलंच न्हाई. नाव न्हाई दिलं. वय न्हाई दिलं. हाक मारायची तर काय म्हणून मारू? म्हणून इचारलं, केवढी हुती."

चुलीतलं लाकूड फुटलं. बाहेर धुकं उंबऱ्यापर्यंत आलं होतं. कार्तिकात खिंडीत असंच असतं, दुपारी चारलाच दिवस मावळल्यासारखा वाटतो.

बाईंनी समजूत घातली. लिहिण्यात असं थोडं घालावं लागतं, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही, उलट वाचणाऱ्याला चटका लागतो आणि अशा आडरानातल्या बाईची कुणीतरी दखल घेतं. चांगलं बोलत होत्या. बोलणं त्यांना छान येतं. बोलता बोलता वही खाली ठेवून त्या पिशवीतला कॅमेरा काढायला उठल्या, उजेड जायच्या आत फोटो व्हायला हवा म्हणाल्या. खाली रस्त्यावर त्यांची जीप थांबली होती. जीपवाल्यानं एकदा हॉर्न दिला.

वही माझ्या गुडघ्यापाशी उघडीच होती.

मला वाचता येत नसेल असं त्यांना वाटलं असावं. मी सातवीपर्यंत शिकलेय. अक्षर गिचमिड असलं तरी लागतं मला.

आल्यापासून बाई मधूनमधून शिवन्याकडं बघत होत्या आणि लिहीत होत्या. मला वाटलं, पोर आवडलं असेल. काजळ त्या दिवशी नीट लागलं होतं तिचं.

मी वाचलं. मग परत वाचलं.

"काय गं?" ठकूआई म्हणाली. तिला माझ्याकडं न बघता कळतं.

मी वहीवर बोट ठेवलं.

"मोठ्यानं वाच, सुगंधा."

मी वाचलं. चुलीपाशी एक कोवळी आई बसली आहे. तिच्या मांडीवरची मुलगी हा हिवाळा काढणार नाही, हे तिच्या डोळ्यांत दिसतं आहे.



बाई चटकन पुढं आल्या. अगं, ते नुसतं वाक्य आहे, म्हणाल्या. अजून काही पक्कं नाही. तुझ्या बाळाला काय धाड भरलीय, गुटगुटीत तर आहे. लेखाच्या सुरुवातीला जरा वजन लागतं, म्हणून तसं.

मी शिवन्याला छातीशी घेतलं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की बाई आल्यापासून ती प्यायलेली नाही. दोनदा मी तिला पाजायला बघितलं, दोन्हीदा तिनं तोंड फिरवलं. नाक चोंदलंय म्हणून असेल असं मला वाटत होतं. मी तिच्या टोपड्यात हात घातला, मग पायमोज्यात. पाय गार होते. चुलीसमोर बसलेल्या पोरीचे पाय गार...

ठकूआई उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. फडताळातून तिनं एक वाटी घेतली. पातेल्यातून एक पळी माडगं तिच्यात ओतलं. ती वाटी नेऊन उंबऱ्यावर ठेवली, पहिल्या वाटीच्या शेजारी.

आजवर तिथं कधी दोन वाट्या नव्हत्या.

बाईंच्या हातात कॅमेरा तसाच होता. "ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

ठकूआईनं शिवन्याकडं बघितलं.

तेवढ्यात मागून पाण्याचा आवाज आला. कुणीतरी लहान पाय बुडवून हलवावेत तसा. मी बाईंच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी मान वळवली. कातळाच्या बाजूला वळवली. त्यांनीही ऐकलं होतं.

कॅमेरा त्यांनी खाली ठेवला. खाली बसल्या, वही ओढली, पेन घेतलं. मी खोडते, म्हणाल्या. आत्ता खोडते, तुझ्यासमोर खोडते.

पेन कागदाला लागायच्या आधी ठकूआईनं त्यांचं मनगट धरलं.

"खोडायचं न्हाई."

"अहो, पण मी काढूनच टाकते ती ओळ."

"माझीच्या तोंडाचं लिवलं न्हाई, तर तिला तोंड न्हाई ऱ्हायलं. हिची सगळी ओळच खोडली, तर हिचं काय ऱ्हाईल?"

त्या मघाच्या बाई नव्हत्याच. "मग मी काय करू, आजी?"

"हिचं नाव काय?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी विचारलंच नव्हतं.

"साडेचारशे बायका," ठकूआई म्हणाली. मघाच्यासारखं हसण्यावारी नाही म्हणाली. "दात किती आलेत? कुठल्या कुशीवर निजती? कशाला भिती?"

मग मी सांगायला लागले. शिवन्या. खालचा एकच दात आलाय, अजून नीट दिसत नाही, बोटाला लागतो. डाव्या कुशीवर झोपते. मिक्सरच्या आवाजाला भिते. तिच्या आत्याचा आवाज ऐकला की पाय झाडते. मी बोलत होते आणि बाई त्या ओळीखाली लिहीत होत्या. भराभर. शाई फुटत होती, तरी लिहीत होत्या. मी सांगितलं ते संपलं, तेव्हा त्या आपणहून लिहायला लागल्या, पुटपुटत. थंडी सरली आणि शिवन्या रांगत उंबऱ्यापर्यंत गेली. दुसरा दात आला. ती चुलीला हात लावायला गेली आणि आईनं तिला धपाटा घातला.

त्या धपाट्याला शिवन्यानं माझ्या पदराकडं तोंड वळवलं. आणि प्यायला लागली.

मला रडू आलं, पण मी हललेसुद्धा नाही.

खाली जीपवाल्यानं परत हॉर्न दिला, या वेळी लांब. अंधारात घाट उतरायचा नाही असं त्याचं ठरलेलं होतं. बाईंनी मान वर केली. माझ्या मांडीकडं बघितलं, पोर पीत होती. त्यांनी मोठा श्वास सोडला, कपाळ पुसलं. मघापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या दिसत होत्या.

"तुमच्या मुलीचंही लिहू का, आजी?" त्यांनी हळूच विचारलं. "नाव देते. चेहरा देते."

"तिला उशीर झाला," ठकूआई म्हणाली.

बाईंनी पेनाचं टोपण शोधलं. ते चुलीपाशी गडगडत गेलं होतं. त्यांनी ते उचललं, पेनाला लावलं. बारीक टक असा आवाज झाला.

शिवन्याचं तोंड थांबलं.

मी खाली बघितलं. ती माझ्याकडं बघत होती, डोळे उघडे, ओठ तसेच लागलेले, पण ओढत नव्हती...

बाईंनीही बघितलं. त्यांचा हात टोपणावरच होता.

हॉर्न वाजत राहिला.

ठकूआईनं पाट पुढं सरकवला, दिवा वहीजवळ आणला, चुलीत एक लाकूड घातलं.

"जीपवाल्याला जायला सांगते मी," ती म्हणाली. "टोपण काढा, बाई. हिला म्हातारी करा, मग उठा."