टेकडीवरच्या घराची दोन टोपल्या कौलं

फार लांब नाही, दोन खाड्या ओलांडल्या की लागेल अशा एका गावात सगळी घरं कौलारू होती. प्रत्येक घराला एक मालक होता, आणि प्रत्येक मालकाला वाटायचं की घर आपल्या अकलेवर उभं आहे.

गावाचा एक नियम होता. शिमगा झाला की दर घरमालकानं दोन टोपल्या नवी कौलं देवळामागच्या कोठारात टाकायची. पूर येवो की वादळ, ज्याचं घर उघडं पडेल त्याला ती मिळायची. नाही म्हणायची सोय नव्हती.

एका वर्षी पुरात नदीकाठची घरं गेली आणि कोठार पार रिकामं झालं. टेकडीवरच्या मोठ्या घराचे काका मनातून चरफडले. शिमग्यानंतर ते हात हलवतच पाटलाकडे गेले.

"पाटील, नदी काय शिडी लावून टेकडीवर येणार आहे? ज्याला धोका त्यानं कौलं द्यावीत."

"काका, नियम सगळ्यांना सारखा."

"मग नियमाला अक्कल नाही."

रोजची कटकट नको म्हणून पाटील म्हणाले, "बरं. ज्याला धोका नाही त्यानं देऊ नये."

झालं. दुसऱ्या दिवशी पाटलाच्या ओसरीवर रांग लागली. एकाच्या भिंती जांभ्या दगडाच्या होत्या. एकाच्या मागे फणस होता, तो म्हणे वारा अडवतो. नदीकाठच्या एकानंही दाराला मंतरलेलं लिंबू बांधलं होतं. न्हावी म्हणाला, "मी दिवसभर घरी असतोच कुठे?" पाटलांनी सगळ्यांना सूट दिली, आणि शेवटी स्वतःलाही देऊन टाकली.

कौलं टाकली ती एकट्या नदीकाठच्या म्हातारीनं. "मला धोका आहे बाबा," म्हणाली, आणि टोपल्या रिकाम्या करून गेली.

वैशाखात भरदुपारी समुद्राकडून वादळ आलं. म्हातारीचं घर दरडीच्या आडोशाला होतं, वारा तिच्या डोक्यावरून गेला. टेकडीवर मात्र त्याला अडवायला कुणी नव्हतं. काकांच्या घराची कौलं पाचोळ्यासारखी उडाली. खाली गावातही तीच गत. फणस तर मालकाच्याच घरावर आडवा झाला.

काकांच्या सुनेला नववा महिना लागला होता. पाऊस आठ दिवसांवर आला होता. काका धावत कुंभाराकडे गेले.

कुंभार म्हणाला, "आता ओल्या मातीची कौलं वाळायची कधी आणि भाजायची कधी? दिवाळीनंतर या."

काका कोठारात गेले. आत दोन टोपल्या कौलं, आणि बाहेर सगळा गाव उभा. म्हातारी तिथंच होती. काका तिला म्हणाले,

"मावशी, कौलं तुझी. तूच सांग कुणाला द्यायची."

"टाकली तेव्हाच ती माझी राहिली नाहीत. ज्याचं घर उघडं, त्याची. पण आता उघडं नाही कोण?" तिनं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "बाळंतिणीची खाट झाका आधी. बाकीचे भिजले तर विरघळणार नाहीत."

दोन टोपल्यांत बरोबर एक खाट झाकली गेली. नातू कोरडा जन्मला. आजोबा चार महिने स्वतःच्या माजघरात, डोक्यावर पानांचं इरलं घेऊन बसून होते. बारशालाही ते इरल्यातच होते, आणि पाळण्याची दोरी त्यांनी तशीच ओढली.

पुढच्या शिमग्यानंतर पाटलांनी गाव बोलावला. "आता नवा नियम काय करायचा?"

काका उठले. "जुनाच बरा होता. फक्त कुणाचं कारण ऐकत बसू नका, पाटील. कारण प्रत्येकाकडे असतं. माझं तर चांगलं होतं."

तात्पर्य असं: संकटासाठी काढायचा वाटा ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडला, की देणारी एक म्हातारी उरते आणि मागणारा सगळा गाव. म्हणून हा वाटा घराच्या प्रत्येक मालकानं द्यावा, आणि ज्याला आपलं घर फारच भक्कम वाटतं त्यानं आधी द्यावा.