राबणारं ऊन

पेंगुळलेल्या दुपारी मिठागराच्या वाफ्यांत आभाळ उतरून निजलं होतं. बांधावर जोमा आगरीही डोळे मिटून पडला होता.

तेवढ्यात सुभेदारांची पालखी थांबली. पडदा वर करून सुभेदार गरजले, "आळशी कुठला! काढून घ्या याचं मिठागर!"

जोमा उठून बसला. "सरकार, पाणी हलवलं तर मीठ धरत नाही. ऊन राबतंय, मी राखण करतोय."

"राबणार ऊन आणि मीठ तुझं? यालाच आळस म्हणतात. आम्ही बघ, सकाळपासून सहा कोस तुडवून आलो!"

जोमानं पालखीच्या भोयांकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "सरकार, मग घाम यांना कसा आला?"

पालखीचा पडदा खाली आला. मिठागराचा विषय पुन्हा निघाला नाही. जोमा आडवा झाला, आणि निश्चल पाण्यात मिठाचा पहिला खडा चमकला.