तांबट आळीचा जोगवा

देवघाटच्या तांबट आळीत शिरलं की उजव्या हाताला समाजमंदिर लागतं. बाहेरून ते कुठल्याही समाजमंदिरासारखंच दिसतं, पत्र्याचं छप्पर, दारावर पाटी, पायरीशी चपलांचा ढीग. आत मात्र माणसाच्या छातीएवढी उंच तांब्याची कोठी आहे. आळीत कुणाचं काम सुटलं, कुणी अंथरुणाला खिळलं, कुणाचा नवरा घर टाकून गेला, की ते घर सावरेपर्यंत त्याचं धान्य या कोठीतून जातं. त्याच जागेत बायकांचं शिवणकाम चालतं, पोरांचा अभ्यास चालतो आणि आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाई येऊन बसतात.

नवरात्रातल्या शुक्रवारी कोठी उघडण्याआधी समाजमंदिर चालवणारी बाई पाच घरी जोगवा मागते. आता नवरात्रात जोगवा पुष्कळजणी मागतात, त्यात नवल नाही. नवल हे की ही बाई खात्यापित्या घरांकडे फिरकतसुद्धा नाही. ज्या घरांना त्या वर्षी कोठीतलं धान्य गेलेलं असतं, नेमकी त्यांच्याच दारात जाऊन ती पदर पसरते. ज्यांना द्यायचं त्यांच्याकडेच मागायचं, ही कसली उलटी रीत, असं बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटतं. तेव्हा आळीतले नाना हजारे त्यांना कोठीपाशी बसवतात, चहा मागवतात आणि बजावतात, "आधी ऐकून घ्या, मग शानपना सांगा."

नाना सांगतात ती गोष्ट उमाक्कांची. बाजारात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी नुकती येऊ लागली होती, त्या काळातली.

उमाक्का निजामपुरे म्हणजे आळीतल्या सगळ्यात मोठ्या घरची सून. सासरी तांब्याच्या पत्र्याचा व्यापार होता. पदरात मूलबाळ नव्हतं, नवरा ऐन उमेदीत गेला आणि एवढ्या घरात त्या एकट्या उरल्या. दुसरी एखादी देवदेव करत बसली असती. आक्कांनी घराची पुढची दुकानाची जागा, आजच्या समाजमंदिराचीच ही जागा, झाडून काढली, तिथे धान्याच्या कणग्या ठेवल्या आणि आळीला सांगून टाकलं की या आळीत कुणाची चूल बंद राहता कामा नये. मग तिथे बाळंतिणीला डिंक मिळू लागला, तापकऱ्याला काढा मिळू लागला, नवराबायकोची भांडणंही तिथेच तुटू लागली. आक्का तोंडाच्या फटकळ होत्या. भांडण मिटवताना दोघांनाही इतकं झापायच्या, की ती दोघं घरी जाताना आक्कांवर रुसलेली आणि एकमेकांशी गोड झालेली असायची.

एवढ्या देणाऱ्या बाईची एकच गोष्ट आळीला सलायची. त्या कुणाचं काही घेत नसत. कुणाच्या घरी हळदीकुंकवाला जाण्याचा तर प्रश्नच नव्हता, पण संक्रांतीचा तिळगूळ नाही, श्रावणीचा प्रसाद नाही, उन्हातून आल्यावर घोटभर पाणीही नाही. दुसऱ्याच्या घराचा उंबरा त्या ओलांडत नसत.

त्याला कारण होतं म्हणे. आक्का सात-आठ वर्षांच्या असताना त्यांच्या माहेरच्या मुलखात दुष्काळ पडला होता. आई त्यांना घेऊन एका बड्या माणसाच्या दारी उभी राहिली. त्या माणसाने ओट्यावरून, उंचावरून धान्य ओतलं. निम्मं पदरात पडलं, निम्मं धुळीत. आईने खाली बसून एकेक दाणा वेचला आणि ओट्यावरची माणसं ते बघत हसत होती. त्या दिवशी पोरीने कुलदेवीची शपथ घेतली की हा हात पुन्हा कुणापुढे पसरणार नाही. पुढे चांगलं घर मिळालं, हात देता झाला, पण शपथ तशीच राहिली. आक्कांना ती आपली ताकद वाटत होती. आळीतल्या बायकांना मात्र ती भिंत वाटायची, पण मिंधेपणामुळे तसं बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती.

कणग्यांना उंदीर लागले तेव्हा आळीतल्या तांबटांनी मिळून ही तांब्याची कोठी घडवून दिली. आक्का तीही घेईनात. शेवटी कोठी आळीची, आक्का फक्त राखणदार, असं ठरलं तेव्हा कुठे ती आत आली. तिचं झाकण घडवलं धोंडू करडे याने. धोंडूसारखा कारागीर त्या वेळी पंचक्रोशीत नव्हता. झाकण असं बसायचं, की उंदराच्या मिशीलाही वाट मिळू नये.

मग जर्मनची भांडी आली आणि तांब्यापितळेला कुणी विचारेना. एकेक घर आक्कांच्या दाराशी येऊ लागलं. त्यातच कल्हई करताना वितळलेलं कथील सांडलं आणि धोंडूचा उजवा हात भाजून निकामी झाला. घरात बायको ठकूबाई, म्हातारी आई आणि पाच वर्षांची यमुना. सगळी आळी धान्य न्यायला येत होती, ठकूबाई येईना. तिच्या दारातल्या वेलाचं पडवळ संपलं, परसातली भाजी संपली, तरी येईना.

आक्कांनी धान्य पाठवलं, ते परत आलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा परत आलं. तेवढ्यात यमुनेला ताप आल्याचं कळलं. ताप उतरला, पण पोर उठून बसेना, अंगात काही उरलंच नव्हतं. पोटात चार घास गेले नाहीत तर ती दसरा बघत नाही, असं वैद्यांनी स्वच्छ सांगितलं.

मग आक्कांनी एक चूक केली. नवरात्रातल्या शुक्रवारी सकाळी, ठकूबाई नदीवर गेलेली बघून, त्यांनी ज्वारीचं पोतं गुपचूप तिच्या ओट्यावर ठेववलं. आपण शहाणपणा केला असं त्यांना वाटलं. तासाभरात ठकूबाई ते पोतं डोक्यावर घेऊन भर आळीतून चालत आली. धान्य न्यायला तीस घरची माणसं जमली होती. त्यांच्या देखत तिने पोतं उतरवलं, घाम पुसला आणि निघून गेली.

आक्कांचा संताप अनावर झाला. "पोर मरायला टेकलीय आनि हिचा ताठा बघा," म्हणत त्यांनी पोतं कोठीत रिकामं केलं आणि झाकण धाडकन आदळलं. आवाज नदीच्या घाटापर्यंत गेला असं सांगतात. राग थोडा ओसरल्यावर लोकांना धान्य द्यायला म्हणून त्या झाकण उचलू लागल्या, तर ते हलेना.

दोघे आले, चौघे आले. दोर बांधून ओढून झालं, कडेने तेल सोडून झालं, गरम पाणी ओतून झालं. घट बसल्यापासून खंडेनवमीपर्यंत आळीत हातोडा उचलत नाहीत, म्हणून ठोकायचीही सोय नव्हती. अख्ख्या मुलखाची भांडी घडवणाऱ्या तांबट आळीला एक झाकण उघडेना. एरवी यावर वर्षभर थट्टा चालली असती, पण त्या दिवशी कुणाला हसू येईना. आईचा कोप झाला, असं म्हाताऱ्या कुजबुजू लागल्या.

ज्याने झाकण घडवलं त्यालाच बोलवा, असं कुणीतरी म्हणालं. आक्कांनी निरोप धाडला. धोंडू लगेच उठला होता म्हणतात, पण ठकूबाई दारात आडवी उभी राहिली. तिने उलटा निरोप पाठवला, "बोलावनारीनं सोता यावं."

तीस घरं रिकाम्या पिशव्या घेऊन उभी होती. आक्का उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या आळीतल्या दुसऱ्या कुणाच्या दाराकडे काहीतरी हवं म्हणून चालल्या होत्या. ठकूबाईच्या दारात त्या थांबल्या. आत गोधडीवर यमुना पडली होती. डोळे उघडे होते, पण कोण आलंय हे बघायला तिने मानही वळवली नाही. आक्कांचा राग तिथेच गळून पडला आणि त्यांना भीती वाटली.

"ठकू, माझ्यावर राग धर, पोरीवर काढू नको," त्या म्हणाल्या. "का घेत न्हाईस गं?"

ठकूबाईचा आवाज चढला नाही. "आक्का, ही पोर माझी चौथी. आदीची तीन ऱ्हायली न्हाईत. हिच्या बारशाच्या घुगऱ्या घेऊन मी पयल्यांदा तुमच्या दारात आले हुते. तुमी आतनंच म्हनालात, मी कुनाचं घेत न्हाई, ने माघारी. पोरीच्या बारशाच्या घुगऱ्या मी रडत घरी आनल्या. आमच्या हातचं तुमाला चालत न्हाई, मग तुमच्या हातचं आमी कोनच्या तोंडानं घ्यावं?"

घुगऱ्या परत केल्याचं आक्कांना आठवतही नव्हतं. इतक्या जणींना इतक्या वेळा परत पाठवलं होतं, की त्यातली एक ही, एवढंच. आणि मग त्यांना तो ओटा आठवला, उंचावरून ओतलेलं धान्य आठवलं, आणि आपण इतकी वर्षं त्याच ओट्यावर उभ्या आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं. आपण हसलो नाही, एवढाच काय तो फरक.

त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, उंबरा ओलांडला आणि दोन्ही हातांनी पदर पसरला.

"आज शुक्रवार हाय. आईचा जोगवा वाढ ठकू."

शपथ मोडत होती, देवी बघत होती, आणि मागे दारात निम्मी आळी जमली होती. ठकूबाई आत गेली. घरात दुसरं काही नव्हतंच, घटात पेरून उरलेली मूठभर ज्वारी देवापुढे होती, ती तिने आणली. ओंजळ आक्कांच्या पदराला टेकवली आणि हळूच उघडली. एक दाणा खाली पडला नाही. आक्कांनी त्यातले चार दाणे तिथेच तोंडात टाकले, ठकूबाईकडे पाणी मागितलं आणि तांब्या तोंडाला लावून सगळं पाणी पिऊन टाकलं. मग जमिनीवर बसून त्या मोकळेपणाने रडल्या. दुःखाने नव्हे. लहानपणापासून आवळून धरलेली मूठ सुटली होती, आणि ती सुटल्यावर हाताला किती बरं वाटतं हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं.

धोंडू कोठीपाशी आला. डाव्या हाताच्या तळव्याने त्याने झाकणाच्या कडेवर तीन ठिकाणी थापट्या मारल्या, झाकण किंचित उलटं फिरवलं आणि वर उचललं. आदळल्यामुळे ते तिरकं बसलं होतं, असं तांबट सांगतात. जोगवा पदरात पडला त्याच क्षणी ते सैल झालं होतं, असं म्हाताऱ्या सांगतात. नानांना विचारलं तर ते म्हणतात, "दोन्ही खरं. तुमाला काय अडचन हाय?"

पहिली पायली ठकूबाईने नेली. आक्का तिच्याबरोबर गेल्या आणि स्वतः जात्यावर बसल्या. यमुनेला आधी पातळ पेज, मग दाट पेज, मग दुधात कुस्करलेली भाकरी, असं दोघींनी पाळीपाळीने भरवलं. तिसऱ्या दिवशी पोरीने आपणहून भाकरी मागितली तेव्हा ठकूबाई चुलीपुढेच मटकन बसली. दसऱ्याला यमुना धोंडूच्या खांद्यावर बसून आळीभर आपट्याची पानं वाटत हिंडली, आणि प्रत्येक घरातून तिच्या तोंडात काही ना काही पडत होतं. त्या वर्षीसारखा दसरा पुन्हा झाला नाही, असं जुनी माणसं सांगायची.

आक्कांचं म्हणाल तर त्या पार बदलल्या. तोंड फटकळच राहिलं, पण कुणाच्याही चुलीपुढे पाट ओढून बसू लागल्या, आणि हिच्या कालवणात मीठ कमी, तिची भाकरी कच्ची, अशा खोड्या काढू लागल्या. दोन वर्षांत अंग भरलं. म्हातारपणी हातपाय चालेनासे झाले तेव्हा आळीने त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, रोज एका घरून ताट जायचं. मरताना त्यांनी सांगून ठेवलं म्हणे, की या जागी जी बसेल तिने वर्षातून एकदा तरी मागावं, नाहीतर या जागी बसू नये. शपथ मोडल्याबद्दल देवी कधी कोपली का, असं पाहुण्यांपैकी एखादा विचारतोच. त्यावर नाना हसून कोठीवर थाप मारतात.

आजही नवरात्रातल्या शुक्रवारी समाजमंदिर चालवणारी बाई अनवाणी निघते. ज्या बाईच्या नवऱ्याचं काम सुटलेलं असतं, जी वर्षभर मान खाली घालून पिशवी पुढे करत असते, तिच्या दारात उभी राहून ती जोगवा मागते. घरातली बाई आतूनच "थांबा" म्हणते. मग ती केस सारखे करते, कुंकू लावते, ठेवणीतलं लुगडं किंवा साडी असेल तर ती नेसते, देवाला नमस्कार करते आणि मग हळूहळू ओंजळ घेऊन बाहेर येते. उन्हात उभ्या राहिलेल्या बाईला कितीही चटके बसोत, त्या दिवशी देणारीला कुणी घाई करत नाही.