निळी सुरई

"तिला काय उत्तर देऊ, बाबा?"

पद्माकर हिरवे चपला काढायच्या आधीच बोलला.

माळावरच्या मठात ऊन ओट्यापर्यंत चढलं होतं. सोमगिरी बाबा निंबाखाली मेथी निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणाला?"

"गिरजाला. गिरजा कुंभारला."

"आधी चपला काढ."

त्यानं चपला काढल्या.

हिरवे तालुक्याचा उद्योग अधिकारी. नवा धंदा काढणाऱ्याला हात द्यायचा, हे त्याचं काम, आणि ते तो मनापासून करी. हे मुद्दाम सांगायला हवं, नाहीतर पुढचं ऐकून कोणी त्याला कामचुकार समजेल. तो सुट्टीच्या दिवशीही खेडोपाडी हिंडायचा. फक्त आपण केलेलं काम त्याला फार आवडायचं.

"काय विचारलं तिनं?"

"म्हणाली, सायेब, तुमी सांगितलं तसं समदं केलं. मग आमचं चुकलं कुठं?"

"मग?"

"मला सांगता आलं नाही."

बाबांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं.

"तू काय काय केलंस तिच्यासाठी?"

हा प्रश्न हिरवेच्या आवडीचा होता. तो जरा सावरून बसला.

"कर्ज मिळवून दिलं. विजेवरचं चाक दिलं. हमरस्त्याला गाळा दिला. शहरातून बाई आणून पंधरा दिवस शिकवणी घेतली. प्रदर्शनात जागा दिली. गाळ्यावरची पाटीसुद्धा मीच रंगवून घेतली."

"पाटीवर नाव कोणाचं?"

"तिचंच." तो थांबला. "खाली आमच्या खात्याचं."

"मोठी अक्षरं कोणती?"

...

हिरवे मेथीच्या जुडीकडे बघू लागला.

"आणि धंदा?"

"बसला, बाबा. पहिल्या वर्षी चांगला चालला. जो तो एकेक सुरई घेऊन गेला. पण घेतलेलं माणूस परत काही आलं नाही. का आलं नाही, ते तिलाही कळेना, मलाही कळेना. उद्या सकाळी बिऱ्हाड हलवतेय. नवराबायको दोघं वीटभट्टीवर चाललेत. तिच्या हातासारखा हात या तालुक्यात दुसरा नाही, आणि ती विटा थापणार."

त्यानं पिशवी जवळ ओढली.

"ती मला देव मानायची."

"देव मानायची? मग तुला कोण काय सांगणार?"

हिरवेला ते झोंबलं. पण तो भांडायला आला नव्हता. त्यानं पिशवीतून जुन्या धोतरात गुंडाळलेली एक सुरई काढली आणि बाबांपुढं ठेवली.

"मठाला द्यायला आणलीय. गाळा उघडला त्या दिवशी तिनं मला दिली होती. तिथली पहिली सुरई."

सुरई देखणी होती. मोरपिशी निळी, गळ्याभोवती सोनेरी वेल, आणि अंगावर अशी चकाकी की तिच्यात निंबाची फांदी दिसत होती.

"इतके दिवस कुठं होती?"

"कचेरीत, काचेच्या कपाटात. कोणी पाहुणा आला की मी आधी हीच दाखवायचो. चार वर्षं झाली, एक टवका उडालेला नाही."

बाबांनी सुरई उचलली. टिचकी मारून पाहिली. मग काही न बोलता उठले आणि आडावर गेले.

एक बादली शेंदून त्यांनी सुरई आतून विसळली आणि भरली. मठातलं रोजचं मडकं ओतून टाकलं आणि त्याच बादलीतलं पाणी त्यात भरलं. ते मडकं जुनं, काळपट, एका बाजूला शेवाळलेलं होतं. दोन्ही शेजारी शेजारी निंबाच्या सावलीत ठेवली.

"बाबा, माझं उत्तर..."

"मेथी निवड."

हिरवे मेथी निवडू लागला. त्याला ते येत नव्हतं. देठांसकट टाकत होता. बाबांनी त्यातले देठ मुकाट्यानं वेचून काढले.

भाजी झाली. भाकरी झाली. दोघं जेवले. मध्येच हिरवेचा फोन वाजला. त्यानं पाहिलं आणि बंद करून ठेवला. सावली सरकली, तशी बाबांनी दोन्ही भांडी सावलीत सरकवली.

मडक्याच्या अंगाला पाणी सुटलं होतं. त्याच्याखालची माती ओली झाली होती. सुरई आणली तेव्हा होती तशीच कोरडी होती आणि चकाकत होती. हिरवे तिच्याकडे बघत होता आणि पुन्हा कौतुकानंच बघत होता.

"तहान लागली?"

"लागली."

बाबांनी सुरईतलं पाणी पेल्यात ओतून दिलं. हिरवेनं दोन घोट घेतले आणि उरलेलं हातातच धरून बसला.

बाबांनी तो पेला घेतला, मातीवर रिकामा केला, आणि मडक्यातलं पाणी भरून दिलं.

हिरवे ते गटागटा प्यायला. आणखी हवं म्हणून त्यानं पेला पुढं केला.

मग त्याचा हात थांबला.

...

"हिच्यातलं पाणी गारच झालं नाही."



त्यानं मडक्याला हात लावला. तळवा ओला झाला. मग सुरईला लावला.

"रंगानं," तो हळू म्हणाला. "वरून रंग दिला, त्यावर चकाकीचं पाणी फिरवलं. आता माती पाझरणार कुठून? लोकांनी हौसेनं नेली, उन्हाळ्यात पाणी भरलं असेल, आणि..."

"रंग कोणी द्यायला लावला?"

"शिकवणीच्या बाईंनी. म्हणजे... त्यांना मीच सांगितलं होतं. प्रदर्शनात नुसत्या मातीकडं कोण बघतं? चमक हवी, म्हटलं."

"चार वर्षांत एकदाही पाणी भरलं नाहीस?"

"जपून ठेवली होती, बाबा."

बोललेलं त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

"त्या कपाटात मधाची बाटली आहे. सील तसंच आहे. साबण आहे, कागदात गुंडाळलेला. पापड आहेत, ते आता मऊ पडले असतील. सगळे मी उभे केलेले धंदे. प्रत्येकावर मी भाषण केलंय. पण तो मध गोड आहे का, मला माहीत नाही."

निंबावरून एक कावळा उडून गेला. बाबांनी पेला विसळून पालथा घातला.

"गिरजा कुंभाराच्या घरची. ती काही बोलली नव्हती?"

हिरवे नाही म्हणायला गेला.

...

"बोलली होती."

"कधी?"

"शिकवणीच्या पहिल्याच दिवशी. रंगाचा डबा उघडला तेव्हा. म्हणाली, सायेब, ह्यानं मडकं गुदमरंल."

"आणि तू?"

"हसलो."

...

"सगळेच हसले. मी म्हटलं, गिरजाबाई, हे प्यायला नाही, विकायला करतोय आपण. मग तीही हसली. नंतर पुन्हा कधी बोलली नाही. डोळे मिटून रंग देत राहिली."

हिरवेनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा मोठा माणूस, पण पोरासारखा रडला. बाबांनी त्याला रडू दिलं.

ऊन ओट्यावरून उतरलं.

"गाळा उघडला त्या दिवशी तिनं तुला पाणी दिलं असेल," बाबा म्हणाले.

"दिलं होतं."

"कशातलं?"

"घरच्या मडक्यातलं. ओलं फडकं गुंडाळून डोक्यावरून घेऊन आली होती, दीड कोसावरून. पण माझ्या हातात आधीच बाटली होती."

"कसली?"

"विकतच्या पाण्याची. कार्यक्रमात व्यासपीठावर ठेवतात तसली."

"मग तिनं काय केलं?"

"पेला घेऊन थोडा वेळ उभी राहिली. मग परत नेला."

हे सांगताना तो बाबांकडे बघत नव्हता.

एकाएकी उठला. चपला घातल्या, त्याही उलटसुलट, आणि पुन्हा नीट घातल्या.

"निघतो, बाबा. दिवस मावळायच्या आत पोचेन. तिला सांगतो, चूक तुझी नव्हती, माझी होती. म्हणतो, जाऊ नको. रंग बंद कर, साध्या मातीची सुरई कर. साध्या सुरईसाठी वेगळी योजना बसवता येईल, मी सोमवारीच प्रस्ताव..."

बाबांनी हात वर केला.

हिरवे थांबला.

"यातलं काही सांगू नकोस."

"मग कशाला जाऊ?"

"तिच्या दारात उभा राहा. पाणी माग."

...

हिरवे उभाच राहिला. माळाखाली गावाकडं जाणारी वाट दिसत होती. त्या वाटेवर कोणी नव्हतं.

"आणि तिनं नाही दिलं तर?"

बाबांनी निळी सुरई उचलली, तिच्यातलं कोमट पाणी निंबाच्या बुंध्याशी ओतलं, आणि रिकामी सुरई त्याच्या हातात दिली. "मग तहानलेलाच परत ये."

"आणि दिलं तर?"

"या खेपेला पी."